आखाडातला भोंगा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या पोरांना नाही, आणि ज्या दोन माणसांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखत असलात तर पत्रकाच्या खालच्या कोपऱ्यातल्या नावापुरते. खोटं बोलायला तेवढी ओळख पुरली. खरं बोलायला पुरते का, बघू.

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात ‘मी’ नसतो. ‘आम्ही’ असतो, ‘जनता’ असते, ‘निद्रिस्त प्रशासन’ असतं, आणि शेवटी ‘जबाबदार कोण?’ असा ठळक प्रश्न असतो. हा प्रश्न मी किती वेळा लिहिलाय, मोजलेलं नाही. उत्तर पाठ असताना तो लिहिला एकदाच. त्याच वेळेबद्दल हे लिहितोय.

आमचं गाव कराड तालुक्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पायथ्याशी. धरणाचं नाव लिहीत नाही, कारण यात धरणाचा दोष नाही — हे वाक्य माझ्या हातून पहिल्यांदाच लिहिलं जातंय. आमच्याकडं आखाड हा खायचा महिना. पुढं श्रावण लागला की घराघरांतलं वशाट बंद, मटणाचं नाव नाही, माशाचं नाव नाही. त्यामुळं आखाडाच्या शेवटच्या रविवारी माणसं सूड उगवल्यासारखी जेवतात. आणि नेमकं त्याच सुमाराला धरण भरत येतं, दारं उचलायची वेळ होते. दारं उचलायच्या आधी भोंगा होतो. भोंगा झाला की शहाणी माणसं पाण्यातून वर येतात. आमच्या गावची पोरं काय करतात? खाली उतरतात! नव्या पाण्याच्या वासानं मासा उलटा, धरणाकडं चढायला लागतो, आणि चढणीचा मासा वेड्यासारखा गळाला लागतो. पात्रात म्हशीच्या पाठीसारखा एक काळा दगड आहे. त्याची पाठ बुडेपर्यंत वेळ असतो, असं मोठी पोरं धाकट्यांना सांगत आलीत. मलाही सांगितलं होतं. मीही पुढं सांगितलं.

बिरूला मात्र सांगितलं नव्हतं.

बिरू माणदेशचा. त्याच्या बापाची मेंढरं दरसाल सुगी झाली की आमच्या रानात खतासाठी बसायला यायची. ऊसतोड चालू असायची, थंडी असायची, आम्ही दोघं बांधावर हुरडा भाजत बसायचो, आणि लांबून साखर कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. पाळी बदलली की भोंगा. बिरूच्या लहानपणातलं आमचं गाव म्हणजे तो भोंगा. पाऊसकाळाच्या आत मेंढरं परत त्याच्या मुलखात जायची, त्यामुळं भर पावसातली आमची नदी त्यानं कधी पाहिलेली नव्हती. हे ध्यानात ठेवा. मी ते त्या दिवशी ध्यानात ठेवलं होतं.

पुढं सैन्यभरतीच्या तयारीला दोघं कराडच्या एकाच अकॅडमीत होतो. तो पळाला आणि लागला. मी पळालो आणि राहिलो. राग आला का? आला. मग मी संघटनेत गेलो, तिथं राग उपयोगी पडतो. बिरू सुट्टीवर आला की म्हणायचा, “संपत न्हाई, ‘संप’ हाय ह्यो. नावातच मोर्चा हाय गड्याच्या.” मी हसायचो. हसणं खरं असायचं, हेही लिहून ठेवतो. मला तो आवडत होता. आवडत होता म्हणून माझा गुन्हा हलका होत नाही.

त्या वर्षी तो आखाडात सुट्टीवर आला, आणि येताना एक काठी घेऊन आला. मशीनची काठी, चाकावर गळाचा दोरा, तंगूस, गुंडाळलेला, टोकाला गळ आणि गळाच्या वर एक चमकता पत्रा, चमच्याएवढा. हिमाचलात त्याची पलटण एका धरणाखाली होती. तिथं एका म्हाताऱ्या उस्तादानं त्याला ट्राउट धरायला शिकवलेलं.

“ट्राउट म्हंजे?” आमच्यातल्या एकानं विचारलं.

“मासाच, पर अंगावर लाल ठिपकं. बर्फाच्या पाण्यातला. लय माजुरडा. तुमच्या गांडुळाकडं बघत न्हाई त्यो.”

“मग काय खातो, पेढं?”

“पिसं बांधल्याला गळ टाकायचा. त्याला वाटतं, माशी पडली.”

“म्हंजे मासाबी येडा आन् धरणाराबी!”

सगळे हसले. पण बिरूनं पुढं एक सांगितलं, ते हसण्यावारी गेलं नाही, निदान माझ्यापुरतं तरी. तो म्हणाला, “उस्तादाचा एकच कायदा हुता. वर भोंगा झाला की गळाला कितीबी मोठा मासा असू दे, तंगूस तोडायचा आन् वर यायचं. म्हणायचा, नदी माशाची न्हाई, धरणाची हाय.”

मला हे माहीत होतं, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी आम्ही दोघंच गेलो. पाऊस थांबून थांबून येत होता. काठापासून पुढं एक उथळ चर आहे, गुडघाभर पाण्याची. ती ओलांडली की खडकांचा पट्टा लागतो, आणि त्यापलीकडं खोल धार. आम्ही पट्ट्यावर उभे राहिलो. मी माझी बांबूची काठी आणि गांडुळं घेऊन, तो त्याचा चमकता पत्रा घेऊन. पहिला शिंगटा त्याला लागला. दुसराही त्यालाच. मग एक वाम. मी नदीकाठचा, पाळण्यात असल्यापासून ह्या पाण्याचा आवाज ऐकलेला, आणि मला काय? शेवाळ. मेंढरांमागं वाढलेला गडी मला म्हणतो, “मनगट ढिलं सोड रं संप्या, काठी हाय ती, झेंडा न्हाई.”

मी हसलो नाही.

आणि मग माझ्या तंगुसाला ओढ लागली. पहिल्यांदा. जड, खालच्या अंगाला नेणारी ओढ. त्याच वेळी भोंगा झाला.

ह्या वाक्याच्या अलीकडंच मी कित्येक वर्षं थांबत आलोय. भोंगा झाला. मी ऐकला. बिरूनंही ऐकला. त्यानं लगेच काठी खाली केली आणि वर धरणाकडं पाहिलं. वळणामुळं तिथून धरण दिसत नाही.

“कशाचा रं भोंगा?”

मी पाण्याकडं बघत होतो. मान न वळवता म्हणालो, “कारखान्याचा. पाळी बदलली आसंल.”

“आवाज येगळा वाटतोय गड्या.”

“ओल्या हवंत फुगतो आवाज.”

“व्हय का?” म्हणाला, आणि पुन्हा काठी उचलली.

एवढंच. एवढ्याचसाठी मी इतका आडवळणानं आलो.

तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल तर तुम्हाला कळलं असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या कारखान्याचा भोंगा वाफेवर चालतो. बॉयलर पेटला तर वाफ, वाफ असली तर भोंगा. आणि बॉयलर पेटतो दसऱ्याच्या पुढं-मागं. उन्हाळ्यात गाळप संपलं की तो थंड होतो, तो पुन्हा दसऱ्यापर्यंत. आखाडात कारखान्याच्या चिमणीवर कावळे बसलेले असतात. आखाडात कारखान्याचा भोंगा नसतो — वर्षानुवर्षं नाही, कधीच नाही. बिरूनं तो फक्त थंडीतच ऐकलेला. भोंगा म्हणजे कारखाना, एवढंच त्याला ठाऊक. ते मला पक्कं माहीत होतं, म्हणून तेच खोटं निवडलं. दुसरं कुठलंही खोटं त्यानं मानलं नसतं.

मग ‘वेळ आहे अजून, म्हशीच्या दगडावर नजर ठेव’ असं खरंच का नाही सांगितलं? कारण तो थांबला नसता. उस्तादाचा कायदा. त्यानं तंगूस तोडला असता, मला दंडाला धरून काठावर नेलं असतं, आणि माझा मासा, दिवसातला एकुलता एक मासा, गेला असता. शिवाय तो बरोबर ठरला असता. मासा धरण्यातही, भोंग्यातही. त्याचं सगळं बरोबर आणि माझं शेवाळ. ह्याला तुम्ही काय म्हणाल? पत्रकात मी अशा गोष्टीला ‘क्षुद्र स्वार्थ’ म्हणतो. इथंही तोच शब्द राहू दे.

मासा निसटला. काठाजवळ आला, पाठ दिसली, आणि गेला. मी शिवी घालून म्हशीच्या दगडाकडं पाहिलं. दगड नव्हता.

त्या दिवशी दारं नेहमीपेक्षा वर उचललेली. पाणी आधी मधल्या चरीत भरलं, म्हणजे आमच्या आणि काठाच्या मध्ये. मी “पळ!” म्हणून ओरडलो आणि पळालो. मी आधी पळालो. अनवाणी होतो, दगड पाठ होते, छातीभर पाण्यातून काठाच्या करंजाला पोचलो. बिरूच्या पायात बूट होते. चरीच्या मधोमध त्याचा पाय दोन दगडांच्या खाचेत गेला आणि वरून पाण्यानं त्याला आडवा केला. गुडघा कुठल्या बाजूला वळला ते मी काठावरून पाहिलं. वरच्या रानातली माणसं बैलांचे कासरे घेऊन धावत आली. त्यांनी कासरा त्याच्या काखेत टाकून त्याला ओढून काढलं. मीही ओढत होतो. सगळ्यांत जोरात मीच ओढत होतो. पुढं लोक हेच सांगायचे, “संप्यानं दोस्ताला वडून काढला.”

कराडच्या दवाखान्याबाहेर गावातली माणसं जमली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही, लोकच म्हणाले, “भोंगा झाला नसंल! गेल्या सालीबी झाला न्हवता!” गेल्या साली खरंच झाला नव्हता. नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी वाहून गेल्या होत्या, एकाची म्हैस गेली होती, आणि पाटबंधारे खात्याकडून कुणी फिरकलं नव्हतं. तो राग खरा होता. त्या खऱ्या रागानं मला एक तयार उत्तर आणून दिलं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, “न्हाई झाला.”

दुसऱ्या दिवशी पत्रक लिहिलं. मथळा आपोआप सुचला: ‘पाणी सुटलं, भोंगा मुका!’ माझ्या सगळ्या पत्रकांत चांगलं तेच उतरलंय. उंब्रजच्या हायवेच्या पुलाखाली भिंतीवर रंगवलं. कराडात वाटलं. लोकांनी ते पाठ केलं. गावात भोंगा ऐकलेली माणसं नव्हती का? असणारच. पण पाऊस होता, चुलीवर रटरटत होतं, आणि खात्याच्या बाजूनं बोलायला कोण उभा राहतो? ज्यांना आठवलं त्यांनी स्वतःलाच समजावलं की तो सकाळचा असेल.

अडचण एकच होती. बिरू.

ऑपरेशननंतर त्याचा जबाब घ्यायला खात्याचे साहेब येणार होते. मी आधी गेलो. खाटेशेजारी बसून म्हणालो, “कारखान्याचा भोंगा झाला हुता, ते बोलू नगो. साहेब लोक शब्दाचा कीस काढत्यात, भोंगा म्हनलं की त्यालाच धरून बसतील.”

बिरूनं माझ्याकडं पाहिलं. औषधाची गुंगी होती. “बरं,” म्हणाला.

मोर्चा निघाला तेव्हा तो कुबड्या घेऊन पुढं होता. मीच त्याला पुढं ठेवला. ‘हा पहा मुक्या भोंग्याचा बळी!’ असं मी माईकवर म्हणालो आणि त्याला जरा पुढं ये म्हणून खूण केली. तो आला. पुढं सैन्याच्या मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं. मेंढरांमागं चालण्याजोगा पाय राहिला नाही. चालणं आणि पळणं ही त्याच्या घरात पिढ्यांची विद्या. ती मी एका शिंगट्यासाठी घालवली. तोही हातात आला नाही.

पण सगळ्यांत वाईट गोष्ट अजून सांगितलेली नाही. पायाचंच वाईट असेल असं तुम्हाला वाटत असेल. मलाही खूप दिवस तसंच वाटत होतं.

धरणावर भोंगा वाजवायला गणूतात्या होते. आमच्या शेजारच्या वाडीचे, खात्यात रोजंदारीवर, केस पिकेपर्यंत रोजंदारीवरच. चौकशीत ते एकच सांगत राहिले: “मी वाजवला.” त्यांच्या बाजूनं कुणी नव्हतं. आमच्या बाजूनं मोर्चा होता, कुबड्या होत्या, मथळा होता. खात्याला कुणावर तरी ढकलून मोकळं व्हायचंच होतं. कायम नोकरांना हात लावायचा तर कटकट, तात्यांना काय, उद्यापासून येऊ नका म्हटलं की झालं. आम्ही पेढे वाटले. मी पुढच्या पत्रकात ‘झोपलेला भोंगेवाला’ असा शब्द वापरला. गावानं तो सोडला आणि मथळ्यातला उचलला. पाराजवळून तात्या निघाले की कुणीतरी ओरडायचं, “ये मुका भोंगा, च्या पिऊन जा!” माझा मथळा त्यांचं नाव झाला.

एका दुपारी तात्या आमच्या दारात आले. मला वाटलं भांडायला आलेत. मी तयारीनं बाहेर आलो, तोंडात वाक्यं जुळवत. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

“आवं तात्या, आत या की.”

“न्हाई पोरा. भांडाय आलो न्हाई. एक इचारायचं हाय.” टोपी काढून हातात धरली. “खरं सांग. तू ऐकला न्हाईस का? घरची म्हणती, तुमचा डोळा लागला आसंल, सपनात दाबलं आसंल बटान. पयल्यांदा मी भांडलो तिच्यासंगं. पर आता मलाबी तसंच वाटाय लागलंय. दाबल्यालं आठवतंय मला. पर आठवतंय का नुसतं वाटतंय, तेच कळंना झालंय. तू तितंच हुतास. तू सांगशील ते खरं.”

तो माणूस नोकरी मागायला आला नव्हता. खात्यात माझ्या वतीनं शब्द टाक, असंही म्हणत नव्हता. त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच विचारत होता. आणि ते सांगू शकणारा जगात मी एकटा होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी ‘वाजला होता’ म्हणालो असतो आणि पुढं नाकबूल गेलो असतो तरी चाललं असतं. त्यांना तेवढंही पुरलं असतं.

मी म्हणालो, “न्हाई तात्या. न्हाई वाजला.”

त्यांनी मान हलवली. टोपी घातली. “मंग माझंच चुकलं,” म्हणाले. “त्या पोराची माफी मागाय पायजे.”

आणि एसटीनं माणदेशात जाऊन त्यांनी बिरूची माफी मागितली. बिरूचा फोन आला तेव्हा मला कळलं. “तुझा भोंगेवाला आल्ता. माझ्या पाया पडाय लागला. म्या पडू दिलं न्हाई.” मग म्हणाला, “संप्या, आखाडात कारखाना चालू असतो का रं?”

“असतो कवा कवा,” मी म्हणालो.

मग मी गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याला एक चांगलं नाव दिलं. चळवळ. आता खरं सांगितलं तर खात्याच्या हातात कोलीत मिळेल, भोंग्याची मागणी हास्यास्पद होईल, उद्या खरंच कुणी बुडेल. पटण्यासारखं आहे की नाही? मला तर चांगलंच पटलं. नवा भोंगा बसला, आपोआप वाजणारा, खाली गावागावांत कर्णे. माझा सत्कार झाला. आजही तो भोंगा झाला की कुणीतरी पाठीवर थाप मारतं, “तुझा भोंगा झाला बघ.” नव्या भोंग्यानं माणसं वाचली असतील, वाचोत. त्याची वजाबाकी मी ह्या हिशेबात करणार नाही.

पुढं बिरूला आमच्याच भागातल्या त्या कारखान्यात गेटवर नोकरी लागली, माजी सैनिक म्हणून. शिफारस संघटनेनं केली, म्हणजे मी केली. तेव्हा मी स्वतःला काय काय सांगितलं असेल, ते तुम्ही ओळखा. गेटवर बसून त्यानं पहिला उन्हाळा पाहिला, बॉयलर थंड होताना पाहिला. आखाडात एकदा मी त्याच्या गेटवरून चाललो होतो, त्यानं हाक मारली. चहा मागवला. यार्डात ट्रॅक्टर नव्हता, माणूस नव्हता, चिमणीवर कावळे होते. आम्ही चहा प्यालो. तो म्हणाला, “दसऱ्याला बॉयलर पेटतोय. तवा ये गड्या. कारखान्याचा भोंगा कसा असतो, ऐकवतो तुला.”

मी कप खाली ठेवला.

“तुला फरक कळत न्हाई न्हवं,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. कप उचलून आत गेला, लंगडत, आणि दारातून वळून म्हणाला, “तात्याचं घर तुझ्या वाटंवरच हाय.”

हो, वाटेवरच आहे. त्या दिवशी त्यांच्या दारावरूनच गेलो. तात्या अंगणात शेंगा फोडत बसले होते. मी गाडी हळू केली आणि परत जोरात नेली. दसरा आला, बॉयलर पेटला, मी गेलो नाही. पुढचा आखाड आला. त्याच्या पुढचाही.

इथवर लिहिलं आणि थांबलो. वाचून पाहिलं तर हेही पत्रकच झालं होतं. फक्त ‘आम्ही’च्या जागी ‘मी’. छापून मोकळं व्हायला मला नेहमीच जमलंय. म्हणून उठलो आणि गेलो. त्यामुळं वरचं पहिलं वाक्य आता खोटं झालंय. खोडत नाही, काल लिहिलं तेव्हा ते खरं होतं.

तात्या ओट्यावर शेंगा फोडत होते. मी समोर बसलो आणि म्हणालो, “तात्या, भोंगा वाजला हुता.”

“काय?” त्यांनी कानामागं हात धरला. इतकी वर्षं त्या भोंग्याच्या बुडाशी उभं राहिलेला माणूस, कान गेलेत. मला हे माहीत नव्हतं. माहीत कसं असेल?

“भोंगा वाजला हुता!”

“कशाचा?”

आणि मग मला ओरडावं लागलं. सभेत ओरडतो तसं. “धरणाचा! त्या दिशी! तुमी वाजवला हुता! मी ऐकला हुता! मी खोटं बोललो!”

समोरच्या घरातली बाई बाहेर आली. पाराजवळची माणसं वळली. गल्लीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मी ठरवून ओरडलो नव्हतो, तात्यांना ऐकू येत नव्हतं म्हणून ओरडलो. हे धाडस नव्हे.

तात्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, “ऐकलंस का गं? डोळा न्हवता लागला माझा.”

काकू दारात आल्या. हाताला पीठ होतं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, तात्यांकडं बघत होत्या. “मी म्हनलं हुतं तुमास्नी,” एवढं बोलून त्या थांबल्या. काय म्हणाल्या होत्या ते त्यांनाही आठवलं असणार. पदर तोंडाला लावून आत गेल्या.

तात्या पुन्हा शेंगा फोडायला लागले.  वर न बघताच म्हणाले, “जा आता.”

मी निघालो.

खात्यानं यातून टाळ्या वाजवू नयेत. त्याच्या आदल्या साली भोंगा झाला नव्हता, आणि ते मी उद्याही सांगेन. संघटनेला मी आज कळवतोय. पुलाखालचं भिंतीवरचं अक्षर माझंच आहे, ते मीच पुसायला जाणार आहे. बिरूकडं अजून गेलो नाही. तो गेटवर असतो.

गाळप सुरू झालंय. हे लिहिताना कारखान्याचा भोंगा ऐकू येतोय. जाड, सरळ, एकाच सुरात, आणि शेवटी वाफ संपल्यासारखा खाली बसतो. धरणाचा जुना भोंगा तसा नव्हता. तो चढायचा, उतरायचा, आणि पुन्हा चढायचा. आमच्याकडचं रांगतं पोरही त्या दोन्हींत गल्लत करत नाही. मीही केली नव्हती.